लाल लघवी थांबली, म्हणजे आजार थांबला असं नाही

(मालेगाव येथे युवक-युवतींच्या शिबिरात एका महिला डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



बाहेरच्या बॅनरवर या सत्राचं नाव 'आरोग्य आणि आपण' असं लिहिलंय. संयोजकांना मी विषय दिला होता 'लघवीतून रक्त'. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, "मॅडम, बॅनरवर ते कसं लिहायचं? येणारे-जाणारे वाचतात." मी म्हटलं, बॅनरवर तुम्हाला हवं ते लिहा, आत मी बोलणार तेच आहे. तेव्हा 'आरोग्य आणि आपण' ऐकायला आलेल्यांची मी आधीच माफी मागते.

तुम्ही हसलात, मीही हसले होते. पण याच लाजेत माझ्या मामूंचे अकरा महिने गेले. तिथूनच सुरुवात करते.

मामू इथेच, मालेगावात, यंत्रमागावर कामाला होते. बारा तासांची पाळी, तीही बहुतेक रात्रीची. कारखान्याच्या कोपऱ्यात संडास, त्यात दिवा असला तर असला. अशा ठिकाणी लघवीचा रंग कुणाला दिसणार? म्हणून त्यांना रक्त पहिल्यांदा दिसलं ते एका जुम्म्याला, सुट्टीच्या दिवशी, घरी, दुपारच्या उजेडात. दुखत नव्हतं, जळजळ नव्हती, ताप नव्हता. फक्त लाल. मे महिना होता. मामूंचं वय त्रेपन्न आणि बिडी विसाव्या वर्षापासूनची.

मला त्यांनी सांगितलं नाही. भाचीला असं कसं सांगायचं? मामींनी सांगितलं, फोनवर, आवाज दाबून. मी तेव्हा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घरात मी म्हणेन ती पूर्वदिशा. मी म्हणाले, "उन्हाळी लागली असेल. पाणी जास्त द्या, सब्जा द्या." दोन दिवसांनी मामींचा फोन आला, थांबलं म्हणून. मी खूश. माझं औषध लागू पडलं असंच मला वाटलं.

ते लागू पडलं नव्हतं. लघवीच्या पिशवीत गाठ असली की ती अशीच वागते. थोडी रक्ताळते, मग आपोआप थांबते. आठवडे जातात, कधी महिने जातात, मग पुन्हा एक दिवस लाल. मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो, कामावर जातो, जेवतो, झोपतो. मामूंना त्या वर्षात आणखी दोनदा रक्त दिसलं. दोन्ही वेळा मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दोन्ही वेळा रक्त थांबलं, आणि दोन्ही वेळा श्रेय गोळीला मिळालं. पुढच्या एप्रिलमध्ये एका रात्री रक्ताच्या गुठळ्या पडल्या आणि लघवी बंदच झाली. पोट दगडासारखं कडक. रात्रीच गाडी करून त्यांना धुळ्याला नेलं. नळी घातली, पिशवी धुतली, दुर्बिणीने आत पाहिलं. गाठ तोपर्यंत पिशवीच्या स्नायूत शिरली होती.

गाठ आतल्या अस्तरावर असते तेव्हा बहुतेक वेळा दुर्बिणीतूनच खरवडून काढता येते, पिशवी वाचते. ती स्नायूत शिरली की पिशवीच काढावी लागू शकते. मामूंची काढली. पोटाला छिद्र आणि त्यावर लघवी जमा करणारी प्लॅस्टिकची थैली. त्यानंतर ते तीन वर्षं जगले.

अकरा महिने आधी तपासलं असतं तर गाठ अस्तरावरच सापडली असती का, हे मला सांगता येत नाही. आज एखादा रुग्ण मला विचारतो, "डॉक्टर, आता तर थांबलंय, मग तपासणी कशाला?" तेव्हा मला मामींचा तो दबका आवाज ऐकू येतो.

आता जरा लांब, कोकणात जाऊ. रत्नागिरी जिल्ह्यात गिमवी नावाचं गाव आहे. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या दोन संशोधकांनी तिथे एक शोध लावला. गावातल्या लोकांच्या लघवीतून रक्त जात होतं आणि त्या लघवीत एका सूक्ष्म कृमीची अंडी सापडली. हा कृमी गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढतो, पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो आणि लघवीच्या पिशवीभोवतीच्या शिरांमध्ये ठाण मांडतो. त्याची काटेरी अंडी पिशवीची भिंत फाडत बाहेर पडतात, म्हणून रक्त. भारतात हा आजार फैलावला नाही, तेव्हा गिरणेत पोहलेल्यांनी घाबरू नये. पण आफ्रिकेत आणि नाईलच्या काठी तो शतकानुशतकं होता. हा कृमी सापडला तोच कैरोत, १८५१ साली, थिओडोर बिल्हार्झ नावाच्या जर्मन डॉक्टरला. तिथल्या काही भागांत मुलांच्या लघवीतून रक्त जाणं इतकं नेहमीचं होतं की लोक त्याला मुलगा वयात आल्याची खूण समजत. मुलींना पाळी येते तसंच मुलांचं हे. आणि त्याच इजिप्तमध्ये पुरुषांच्या कॅन्सरमध्ये लघवीच्या पिशवीचा कॅन्सर कित्येक वर्षं आघाडीवर होता.

हे मी तुम्हाला का सांगते? जे सगळ्यांना होतं ते आजार वाटेनासं होतं. आपल्या मालेगावात ती जागा 'उन्हाळी'ने घेतली आहे. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो. वर पत्र्याचं छप्पर, आत लूमची गरमी, आणि पाणी प्यायला माग सोडून जायचं म्हणजे कापडाचं नुकसान. त्यामुळे कमी पाणी, गडद लघवी, जळजळ आणि मुतखडे इथे घरोघरी आहेत. मुतखड्यानेही रक्त जातं, हे खरंच आहे. पण म्हणून प्रत्येक लाल लघवीवर 'गरमी' असा शिक्का मारायचा आणि मोकळं व्हायचं, ही आपली सवय आहे. गरमीने लघवी गडद पिवळी होते, तपकिरीकडे झुकते. गरमीने लघवीत रक्त येत नाही. रक्त आलं तर ते कुठून तरी आलंय, आणि ते 'कुठून' शोधावं लागतं.

आधी, लाल दिसलं म्हणजे रक्तच असतं का? नाही. बीट खाल्लं की काहींची लघवी गुलाबी होते. टीबीच्या गोळ्यांपैकी रिफाम्पिसिनने ती नारिंगी-लाल होते, घामही तसाच होतो. तसा रंग दिसला म्हणून घाबरून टीबीच्या गोळ्या बंद करणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका, रंगाने काही होत नाही, गोळ्या सोडल्याने होतं. मुलींच्या बाबतीत पाळीचं रक्त लघवीत मिसळतं. हे सगळं बाजूला ठेवूनही शंका उरली तर एका बाटलीत लघवी घेऊन साधी तपासणी केली की उत्तर मिळतं. बाटलीभर लघवी लाल दिसायला रक्त फार लागत नाही. एका लिटरला एक मिलिलिटर, म्हणजे पाव चमच्याहूनही कमी, एवढं रक्त पुरेसं असतं. त्यामुळे 'थोडंच तर होतं' याला अर्थ नाही, आणि 'बापरे, किती रक्त गेलं' याचीही भीती नको.

आता दुखण्याविषयी. आपल्याला वाटतं दुखतं ते गंभीर, दुखत नाही ते किरकोळ. लघवीतल्या रक्ताच्या बाबतीत हे बहुतेक वेळा उलटं असतं. मुतखडा कमरेतून जांघेकडे अशी कळ मारतो की माणूस जमिनीवर लोळतो, उलट्या होतात. तो डॉक्टरकडे जातोच, त्याला माझ्या भाषणाची गरज नाही. जंतुसंसर्गात जळजळ होते, सारखं जावं लागतं, ताप येतो, तोही जातो. जाणार नाही तो मामूंसारखा. न दुखता, नुसती लाल लघवी. चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला असं एकदा जरी झालं, तरी कॅन्सर नाही याची खात्री करून घ्यायलाच हवी. बहुतेकांना कॅन्सर निघत नाही, हेही सांगते. पण ज्यांना निघतो त्यांना पहिली सूचना बहुधा हीच मिळालेली असते.

बिडी-सिगारेट हे त्याचं सर्वात मोठं कारण आहे. लोकांना वाटतं धूर फुप्फुसात जातो, लघवीच्या पिशवीचा काय संबंध? धुरातली विषं रक्तात उतरतात, मूत्रपिंडं ती गाळून काढतात आणि ती पिशवीत तासन्‌तास साचून राहतात. जो बारा तासांच्या पाळीत पाणी पीत नाही आणि लघवी दाबून ठेवतो, त्याच्या पिशवीत ती जास्त वेळ आणि जास्त दाट राहतात. दुसरं कारण रंगाचं काम. १८९५ मध्ये फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जनने कापडाचा रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या तीन कामगारांच्या लघवीच्या पिशवीत गाठी आढळल्याचं मांडलं. कामधंद्यातून होणाऱ्या कॅन्सरचा तो सुरुवातीच्या पुराव्यांपैकी एक आहे. बेन्झिडिनपासून बनणाऱ्या अशा रंगांवर भारतात १९९० च्या दशकात बंदी आली. मालेगाव एकेकाळी रंगीत साड्यांसाठी ओळखलं जायचं. आज इथे जास्त करून कोरं कापड निघतं, पण या आजाराला उगवायला वीस-तीस वर्षंही लागतात. तुमच्या दादाजींनी किंवा अब्बांनी तरुणपणी रंगाच्या हौदावर काम केलं असेल, तर डॉक्टरला ते आपणहून सांगा. डॉक्टर विचारेलच असं नाही. गर्दीत आम्ही विचारत नाही, हे मी कबूल करते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं म्हाताऱ्यांचं. आम्ही वीस-बावीसचे. ठीक आहे, तुमच्याकडे येते.

तुमच्या वयात लघवीतलं रक्त बहुधा जंतुसंसर्गाचं किंवा खड्याचं असतं. पण मूत्रपिंडाचा एक आजार आहे जो तरुणांनाच गाठतो. घसा बसला, सर्दी झाली, आणि त्याच दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी झाली. दुखत काहीच नाही. चार दिवसांत रंग साफ. पुन्हा सहा महिन्यांनी सर्दी, पुन्हा तेच. हे मूत्रपिंडाच्या गाळणीला सूज आल्याचं लक्षण असू शकतं. दुर्लक्ष केलं तर काहींची मूत्रपिंडं हळूहळू निकामी होतात. इथे दोन गोष्टी स्वस्तात कळतात. लघवीत प्रथिनं जातात का, आणि रक्तदाब वाढलाय का. बाविसाव्या वर्षी रक्तदाब मोजायला कुणी जात नाही, म्हणून मुद्दाम सांगते. लहान भावंडांमध्ये घसा दुखून गेल्यावर किंवा अंगावर फोड-खरूज होऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी चेहरा सुजतो, विशेषतः सकाळी डोळ्यांभोवती, आणि लघवी कमी आणि तपकिरी होते. त्या मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. "रडून चेहरा सुजलाय" असं म्हणत चार दिवस घालवू नका.

जिमवाले कोण कोण आहेत? हात वर करा. बरेच आहेत. पहिल्याच दिवशी जोशात दोनशे बैठका मारल्या, दुसऱ्या दिवशी मांड्या हलत नाहीत आणि लघवी काळपट-लाल. तपासणीच्या पट्टीवर ते रक्त म्हणूनच दिसतं, पण असतं तुटलेल्या स्नायूंतलं द्रव्य, आणि ते मूत्रपिंडाला बंद पाडू शकतं. ही घरी पाणी पीत बसण्याची गोष्ट नाही, त्याच दिवशी रुग्णालयात जायचं.

बहिणींनो, तुमच्यासाठी वेगळं सांगायचंय. बाईच्या लघवीत रक्त दिसलं की सगळे म्हणतात, इन्फेक्शन. बऱ्याचदा ते असतंही. पण लघवीची कल्चर तपासणी न करता गोळ्या दिल्या जातात, बरं वाटतं, दोन महिन्यांनी पुन्हा, पुन्हा गोळ्या. असं वर्षभर चालतं. बायकांमध्ये पिशवीचा कॅन्सर पुरुषांपेक्षा कमी होतो, पण झाला तर उशिरा कळतो, त्याचं एक कारण हेच. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी कल्चरसाठी लघवी द्या, आणि औषध संपल्यावर लघवीतलं रक्त गेलं का ते पुन्हा तपासा. अम्मीची, खालाची पाळी जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील आणि त्यांना लघवीच्या वेळी रक्त दिसत असेल, तर ते लघवीतून येतंय की गर्भाशयातून, हे त्यांचं त्यांना कळणार नाही. दोन्ही तपासावं लागतं. त्या तुम्हाला आपणहून सांगणार नाहीत. तुम्ही विचारा. गरोदर बाईला रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

वेळ न घालवता, रात्र असली तरी, कधी निघायचं? लघवी अडली किंवा गुठळ्या पडू लागल्या तर. थंडी वाजून ताप आणि सोबत कमरेत दुखणं असेल तर. मार लागल्यावर, गाडीवरून पडल्यावर रक्त आलं तर. चक्कर, घाम, लघवी खूप कमी होणं यांपैकी काही असेल तर. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते. बाकी सगळ्यांनी त्या आठवड्यात जावं. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेले, हृदयात स्टेंट टाकलेले लोक म्हणतात, "गोळीमुळे आलं असेल." गोळी गाठ तयार करत नाही. आत काही असेल तर ते लवकर रक्ताळतं, एवढंच. त्यांनाही तपासणी तितकीच हवी. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही.

तपासणीत घाबरण्यासारखं काही नाही. लॅबमधून स्वच्छ बाटली घ्यायची, पहिली धार सोडून मधली धरायची, तासाभरात पोहोचवायची. रिपोर्टवर 'आरबीसी' या ओळीत तीन किंवा त्याहून जास्त आकडा असेल, तर डोळ्यांना लाल दिसलं नाही तरी ते रक्त आहे आणि डॉक्टरला दाखवायचं. सोबत क्रिएटिनिन, सोनोग्राफी. सोनोग्राफीला पिशवी भरलेली असावी लागते. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे पिशवीत गाठ नाहीच असं नसतं, लहान गाठ तिच्यातून सुटू शकते. म्हणून वयस्क माणसाला डॉक्टर दुर्बिणीने बघायला सांगतात. त्या शब्दाला घाबरून लोक पळतात. सुन्न करणारी जेली लावून किंवा पाठीत इंजेक्शन देऊन ती करतात, बहुतेक वेळा काही मिनिटांचं काम असतं.

पैशाचं बोलू. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, आपलं सामान्य रुग्णालय त्यात येतं. मोठं काही निघालं तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, पाच लाखांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचं आणि योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' कुठे बसतात ते विचारायचं. इथे तुमचा उपयोग आहे. मामूंना मराठी फॉर्म वाचता येत नव्हता. तुम्हाला येतो. मोहल्ल्यातल्या एखाद्या चाचांचा फॉर्म भरून द्यायला, त्यांच्यासोबत धुळ्याला किंवा नाशिकला जायला तुम्हीच हवेत.

रमजानविषयी दरवर्षी विचारतात. इफ्तार ते सहरी पाणी पुरेसं प्या, एकदम दोन लिटर ढोसून नव्हे, रात्रभर थोडं थोडं. तपासणीला लघवी दिल्याने रोजा तुटत नाही. रक्त दिसलं तर ईदपर्यंत थांबू नका. आजाऱ्याला सवलत आहे, ती सवलत घेण्यात कमीपणा नाही.

आणि लाजेचं. आपले हकीम रुग्णाचा कारुरा, म्हणजे लघवीची बाटली, उजेडात धरून रंग, गढूळपणा, गाळ बघायचे. इब्ने सिनांनी अल-कानूनमध्ये लघवीच्या लक्षणांवर सविस्तर लिहिलंय. हजार वर्षांपूर्वी ज्यावर मोठमोठे विद्वान बसून लिहीत होते, ते आज आपल्याला बॅनरवर छापवत नाही.

मामूंचा शेवटचा त्रास दुखण्याचा नव्हता. पोटावर लघवीची थैली, मग वुजू कसा, नमाज कशी, मशिदीत जायचं का, या विचाराने त्यांनी घरातून निघणंच सोडलं होतं. शेवटी मामी मोहल्ल्यातल्या मौलानांना घरी घेऊन आल्या. मौलानांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, तुम्ही माजूर आहात, प्रत्येक नमाजच्या वेळेला ताजा वुजू करा आणि पढा, मशिदीतही या. त्या जुम्म्याला मामू थैलीवर सैल कुर्ता घालून गेले. परत आले तेव्हा बऱ्याच दिवसांनी त्यांनी स्वतःहून चहा मागितला.

आता प्रश्न विचारा. ज्यांना उठून विचारायचं नसेल त्यांच्यासाठी मागे खिडकीपाशी एक पेटी आणि कोरे कागद ठेवलेत. नाव लिहू नका, वय आणि मुलगा की मुलगी एवढं लिहा. पेटी मीच उघडणार आहे.